यंत्राने घातलेली दुमड आणि कापडाचा काठ

धोट्याच्या मागावर विणलेल्या कापडाला दोन काठ आपोआप लाभतात. बाण्याचा धागा ताण्यातून पार होऊन कडेला पोचला, की तेथेच वळून परत येतो. तो तुटत नाही, आणि म्हणून त्या कडेचे दोरेही सुटत नाहीत. लुगडे, धोतर, उपरणे, पंचा ही आपली नेसण्या-पांघरण्याची वस्त्रे या कारणाने माग सोडतानाच जवळजवळ पूर्ण झालेली असतात. त्यांच्या दोन टोकांचा तेवढा प्रश्न उरतो, व तोही दशांना गाठी मारून किंवा टोक बारीक दुमडून सोडविता येतो. कापडाला कात्री लागली म्हणजे मात्र परिस्थिती पालटते. कात्रीने निर्माण केलेली प्रत्येक कड ही उघडी कड असते, आणि जी कड शिवणीत सामावली जात नाही तिला काही तरी बंदोबस्त करणे भाग पडते. दुमड हा त्या बंदोबस्ताचा सर्वांत जुना व सर्वांत सामान्य प्रकार होय. मागाने जे दिले नाही ते शिंप्याने कापडाचाच एक भाग खर्ची घालून मिळवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

शिवणकामाच्या अभ्यासक्रमात दुमडीला पहिल्या काही आठवड्यांतच स्थान मिळते, आणि कदाचित म्हणूनच तिचा विचार पुढे कोणी करीत नाही. विद्यार्थिनीच्या कामात दुमड पिळलेली दिसली, की ती उसवून पुन्हा घालावयास सांगण्यात येते. दुसऱ्यांदा घातलेली दुमडही बहुधा तशीच पिळते, कारण पीळ कोठून आला हे तिला कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात या कारणांचाच विचार करावयाचा आहे. त्यांतील काही कारणे यंत्राच्या रचनेत आहेत, काही कापडाच्या विणीत आहेत, आणि एक तर शुद्ध भूमितीतले आहे.

प्रथम कड का सुटते ते पाहू. विणलेल्या कापडात धाग्याला जागेवर धरून ठेवणारे बल म्हणजे त्याला आडव्या जाणाऱ्या धाग्यांशी होणारे घर्षण. कडेशी समांतर असलेल्या शेवटच्या धाग्याच्या बाहेरच्या बाजूस त्याला अडविणारे काहीच नसते, म्हणून तो प्रथम निसटतो; तो गेला की त्याच्या आतला धागा शेवटचा होतो. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक वरखाली होत असल्याने धरबंद अधिक. साटिनसारख्या विणीत धागा बराच अंतर मोकळा धावतो, म्हणून ते कापड हातात घेतल्याबरोबर सुटू लागते. सूतकताईच्या धाग्यावर बारीक तंतूंची लव असते व ती शेजारच्या धाग्यात गुंतते. रेशीम किंवा पॉलिएस्टर यांचा अखंड गुळगुळीत तंतू तसा गुंतत नाही. उरेब कापलेल्या कडेचे सर्वच धागे कडेला तिरपे छेदून आत जातात, कोणताच धागा कडेशी समांतर नसतो, आणि म्हणून ती कड फारशी सुटत नाही. परंतु तीच कड हाताच्या ओढीने वाटेल तशी लांबते. जी कड सुटत नाही ती ताणते, आणि जी ताणत नाही ती सुटते. दुमड घालणाऱ्याला या दोन्हींपैकी कोणत्या संकटाशी आपली गाठ आहे हे आधी ठरवावे लागते.

सामान्य दुमडीत दोन घड्या असतात. पहिली अरुंद, सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची, उघडी कड आत लपविण्यासाठी. दुसरी हव्या त्या रुंदीची. टीप आतल्या घडीच्या अगदी काठाजवळून जाते, म्हणजे सुई मूळ कापड, वळलेली पट्टी आणि तिच्या आत मुडपलेली कड असे तीन थर भेदते. तीन हा आकडा लहान दिसतो. पण बाजूच्या शिवणीवरून दुमड जाऊ लागली की तो झपाट्याने वाढतो. शिवणीची माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली असेल तर प्रत्येक थराच्या जागी दोन थर येतात, म्हणजे सुईखाली सहा. माया एकाच बाजूला वळविली असेल तर तीन त्रिक नऊ. जीनच्या विजारीची बाजू दुहेरी गुंफलेल्या शिवणीने जोडलेली असते, तेथे चार थर. तिच्या दुमडीत सुईला बारा थर ओलांडावयाचे असतात. या उंचवट्यावर चढताना दाबपट्टी पुढून उचलली जाते, दात्यांची पकड सुटते, टाके आखूड व दाट पडतात आणि पुष्कळदा सुई मोडते. सुई मोडल्याचा दोष नेहमी सुईला दिला जातो. वस्तुतः दुमडीच्या आत जाणारी माया आधीच कापून पातळ केली, आणि उंचवट्यावर चढताना दाबपट्टीच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवून पट्टी सपाट ठेवली, तर ही अडचण बव्हंशी उरत नाही.

आता यंत्राकडे वळू. एलिअस हौ याने १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचा एकस्वाधिकार मिळविला, त्यात टोकाशी छिद्र असलेली सुई आणि खालून धावणारा धोटा यांच्या योगाने दोन दोऱ्यांचा गुंतलेला टाका पडत असे. टाका उत्तम होता. कापड पुढे सरकविण्याची सोय मात्र अपुरी होती. कापड पिना लावलेल्या एका पट्टीवर उभे टांगावे लागे, आणि पट्टीची लांबी संपली की शिवण थांबवून कापड पुन्हा टांगावे लागे. अशा यंत्रावर सरळ शिवण घालता येई. घागऱ्याच्या घेरासारखी अखंड गोल दुमड घालणे जवळजवळ अशक्यच होते. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्रात उभी सुई, आडवा तक्ता व दाबपट्टी यांची सोयीस्कर जुळणी केली. परंतु दुमडीच्या दृष्टीने निर्णायक सुधारणा अ‍ॅलन विल्सन याची. त्याने १८५४ साली एकस्वाधिकार घेतलेल्या रचनेत दातेरी पट्टी वर येते, पुढे सरकते, खाली उतरते आणि मागे जाते. या चार गतींमुळे कापड दर टाक्याला थोडे पुढे जाते व मधल्या क्षणी मोकळे असते, म्हणून शिवणाऱ्याला ते हवे तसे वळविता येते. आज घरोघरी असलेल्या पायाच्या, हाताच्या किंवा विजेच्या यंत्रांत कापड सरकविण्याचे तत्त्व हेच आहे. आपल्याकडे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे काढण्यास प्रारंभ केला, तेव्हाही हीच रचना स्वीकारलेली होती. दुमड पिळण्याचे मूळ या रचनेतच आहे, हे पुढे दिसून येईल.

तत्पूर्वी टाक्याविषयी थोडेसे. सुई खाली जाऊन किंचित वर येऊ लागते तेव्हा तिच्या अंगाशी दोऱ्याचा एक फासा फुगतो. शटलचे टोक तो फासा पकडून बॉबिनभोवती फिरविते, आणि वरचा दोरा ओढणारी तरफ तो घट्ट करते. दोन्ही दोऱ्यांचे ताण समतोल असतील तर त्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मध्यावर पडते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या टाक्याचा क्रमांक ३०१ आहे. या टाक्याला प्रत्येक बाजूचा दोरा किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. टाक्याइतकी लांबी पृष्ठभागावर, निम्मी जाडी खाली उतरताना आणि निम्मी वर येताना. म्हणजे टाक्याची लांबी अधिक कापडाची जाडी. टाका २.५ मिलिमीटरचा आणि तीन थरांची जाडी ०.९ मिलिमीटर धरल्यास दर टाक्याला ३.४ मिलिमीटर दोरा लागतो. तीन मीटर घेराच्या दुमडीत असे १२०० टाके पडतात, तेव्हा वरचा दोरा ४.०८ मीटर आणि खालचाही तेवढाच. टाका २ मिलिमीटरचा केला तर टाके १५००, आणि प्रत्येक बाजूचा दोरा ४.३५ मीटर होतो.

हा हिशेब केवळ दोऱ्याच्या खर्चासाठी नाही. दुमड ताणली गेली असता टीप तुटू नये यासाठी जो दोरा राखीव असतो, तो म्हणजे नेमका हा जाडीत उतरलेला भाग. २.५ मिलिमीटरच्या टाक्यात कापडाच्या दर मीटरमागे ३६ सेंटिमीटर दोरा अधिक आहे, २ मिलिमीटरच्या टाक्यात ४५ सेंटिमीटर. तो सगळाच ताणाच्या उपयोगी पडत नाही, कारण दोरा जाडीतून जाणे कधीच थांबत नाही. तरी तुलना खरी आहे. उरेब कडेच्या दुमडीला टाका आखूड का घ्यावयाचा, आणि पातळ मलमलीवर मोठ्या टाक्यांची टीप पहिल्याच ओढीत का तुटते, याचे उत्तर येथे मिळते. उलट टाका फारच आखूड केला तर घट्ट विणीच्या कापडात प्रत्येक छिद्रापाशी धागे बाजूला रेटले जाऊन कडेला बारीक चुण्या पडतात. गुंफलेल्या, म्हणजे बनियनसारख्या, कापडाला तर हा टाका योग्यच नव्हे. ते कापड ज्या प्रमाणात लांबते त्या प्रमाणात लांबण्याची या टाक्याची ताकद नसते, आणि म्हणून बनियनाच्या दुमडीला कारखान्यात दोन सुयांचा निराळा टाका वापरतात.

आता पिळाचा प्रश्न. वर वर्णिलेल्या रचनेत दाते खालून कापडाला पुढे नेतात. दाबपट्टी वरून केवळ दाब देते, ती स्वतः हालत नाही. दात्यांना लागून असलेला खालचा थर त्यांच्याबरोबर पुरेपूर सरकतो, परंतु वरच्या थराला दाबपट्टीचे घर्षण मागे खेचते. दोन थरांमधील घर्षण वरच्या थराला बरोबर नेण्याचा प्रयत्न करते खरे, पण ते पूर्णतः यशस्वी होत नाही. परिणामी प्रत्येक टाक्याला वरचा थर किंचित मागे पडतो. समजा, हे मागे पडणे दर टाक्याला अवघे ०.०२ मिलिमीटर आहे, म्हणजे टाक्याच्या लांबीच्या शेकडा एक भागाहूनही कमी. १२०० टाक्यांच्या अखेरीस ते २४ मिलिमीटर होते. दुमड घालताना कापडाची उलटी बाजू वर असते, म्हणजे मूळ कापड दात्यांवर आणि वळलेली पट्टी दाबपट्टीखाली. मागे पडते ती पट्टी.

साध्या शिवणीत दोन तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणून मागे पडलेला वरचा तुकडा शेवटी तेवढा उरतो आणि दोष उघड दिसतो. दुमडीत पट्टी आणि मूळ कापड तळच्या घडीपाशी एकच आहेत. तेथे पट्टी मागे पडूच शकत नाही. टीपेपाशी मात्र ती मागे पडते. म्हणजे पट्टीची एक कड जागेवर आणि दुसरी सरकलेली, आणि मधले कापड तिरपे ओढलेले. पट्टीतील जे धागे मूळ कापडातील धाग्यांवर बरोबर बसावयास हवेत ते त्यांच्याशी कोन करून बसतात, आणि त्या कोनातूनच दुमडीवर एकाच दिशेने कललेल्या सुरकुत्यांची रांग उठते. हाच पीळ. इस्त्रीने तो तात्पुरता दबतो. धुतल्यावर पुन्हा उमटतो, कारण तो टीपेतच शिवला गेलेला असतो.

येथे रुंदीचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. टीपेपाशी पट्टी ५ मिलिमीटर मागे पडली असे धरा. पट्टी १ सेंटिमीटर रुंद असेल तर धाग्यांचा कल सुमारे २७ अंशांचा होतो. ५ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच सरकण्याने तो सुमारे ६ अंशांचा. म्हणून अरुंद दुमडीत पीळ तीव्र दिसतो. रुंद दुमडीत तो नजरेस येत नाही, पण पट्टीला मागे सरकण्यास अधिक वाव असल्याने सरकलेले कापड दाबपट्टीच्या पुढे साठत जाते, आणि घेर पुरा होऊन टीप आरंभबिंदूशी येते तेव्हा तेथे एक फुगा उरतो. नवशिक्या विद्यार्थिनी तो फुगा चुणी करून टीपेखाली दाबून टाकतात. परीक्षकाने दुमड तपासताना प्रथम टीपेचा सांधा पाहावा, असे जुने शिक्षक सांगतात ते याच कारणाने.

उपाय कारणावरूनच निघतात. टीप घालण्यापूर्वी दुमडीला इस्त्री करून पट्टीला कच्चा दोरा घालावा. कच्चा दोरा दोन थरांना एकत्र बांधतो आणि सरकण्याचे बल टाक्याटाक्यांत साठू देत नाही. पिना लावावयाच्या तर टीपेला काटकोनात लावाव्या. दाबपट्टीचा दाब पातळ कापडाला कमी करावा. बहुतेक यंत्रांवर तो स्क्रू दांड्याच्या माथ्यावर असतो आणि बहुतेक घरांत तो यंत्र घेतल्या दिवसापासून फिरविलेला नसतो. घेराचे चार समान भाग करून मूळ कापडावर आणि पट्टीवर खुणा कराव्या, व प्रत्येक खुणेपाशी त्या जुळतात की नाही हे पाहावे. तफावत चौथ्या हिश्शातच सापडली तर ती पुढच्या हिश्शात पसरविता येते. कापड मागून ओढण्याची सवय मात्र वाईट. त्याने सुई वाकते, दात्यांशी घासते आणि टाका अनियमित पडतो. वरचा थरही दात्यांनी चालविणाऱ्या किंवा सुईसह पुढे सरकणाऱ्या दाबपट्ट्या आता मिळतात, व त्यांनी दोष बराच कमी होतो. तथापि कच्चा दोरा घातलेल्या दुमडीची बरोबरी त्या नेहमीच करतात असे म्हणवत नाही.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. जीनच्या विजारीची दुमड कारखान्यांत पूर्वी साखळी टाक्याने, पट्टी वळविणाऱ्या जोडणीतून एका दमात घालीत. तिच्यात पीळ येई, आणि धुण्या-घासण्याने सुरकुत्यांचे माथे पांढरे पडून दोरखंडासारखी नक्षी उमटे. जो दोष शिकाऊ विद्यार्थिनीचे गुण कमी करतो त्याच दोषाला आज हौशी ग्राहक अस्सलपणाची खूण मानतात, आणि विजार आखूड करून घेताना जुन्या यंत्रावरील तीच पिळलेली दुमड हवी म्हणून जादा पैसे मोजतात.

आता भूमिती. दुमड सरळ कडेवर घातली तर वळलेल्या पट्टीची कड आणि ती जेथे बसते ती जागा यांची लांबी सारखीच असते. वर्तुळाकार घेरात तसे नसते. घेराची त्रिज्या ७० सेंटिमीटर असेल तर कडेची लांबी सुमारे ४४० सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर दुमडल्यावर ही कड ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊन पडते असे कोणी म्हणेल. पण येथे सावध राहावे. त्रिज्या ७० ही कापलेल्या कडेची आहे. घडी ६५वर पडते आणि कड वळून ६०वर येते. म्हणजे कडेला दहा सेंटिमीटर आतल्या वर्तुळावर बसावयाचे आहे, आणि अतिरिक्त लांबी २ × ३.१४ × १०, म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर. तयार घेराची, म्हणजे घडीची, त्रिज्या धरून बोलावयाचे तर कड घडीपेक्षा ३१.४ सेंटिमीटरांनी लांब आणि जेथे बसावयाचे ती जागा घडीपेक्षा ३१.४ सेंटिमीटरांनी आखूड. शिवणकामाच्या पुष्कळ वह्यांत यांपैकी एकच अर्धा भाग हिशेबात घेतलेला आढळतो, आणि मग प्रत्यक्षात चुण्या दुप्पट का पडल्या याचे आश्चर्य वाटते.

या हिशेबात एक विलक्षण गोष्ट आहे. अतिरिक्त लांबी घेराच्या त्रिज्येवर मुळीच अवलंबून नाही. ती केवळ दुमडीच्या रुंदीवर ठरते. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती गुंडाळलेली दोरी सर्वत्र एक मीटर उचलावयाची तर ती किती वाढवावी लागेल, या शाळेतल्या कोड्याचे उत्तर सव्वासहा मीटरांच्या आसपास येते आणि चेंडूभोवतीच्या दोरीलाही तेच उत्तर येते, तसाच हा प्रकार. पूर्ण वर्तुळाच्या घागऱ्याला ५ सेंटिमीटरची दुमड घातली तर मोठ्या बाईच्या घागऱ्यात आणि लहान मुलीच्या झग्यात जिरवावयाचे कापड तेवढेच, ६३ सेंटिमीटर. फरक इतकाच की मोठ्या घागऱ्यात ते ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे ३७७ सेंटिमीटरांच्या टीपेवर पसरते व प्रमाण शेकडा १७ पडते. मुलीच्या झग्यात कापलेल्या कडेची त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर टीप १८८ सेंटिमीटरांची आणि प्रमाण शेकडा ३३. दोन्ही प्रमाणे सुती कापडाला न झेपणारी आहेत. लोकरीचे कापड वाफेने आकसविता येते, म्हणून लोकरी घागऱ्यात काहीशी रुंद दुमड कडेला लांब टाक्यांची टीप घालून व खालचा दोरा ओढून बसविता येते; सूत तितके आकसत नाही, आणि पॉलिएस्टर तर जवळजवळ नाहीच. अर्ध्या वर्तुळाच्या घेरात अतिरिक्त लांबी निम्मी, पण टीपही निम्मी, म्हणून प्रमाण तेच राहते.

यावरून गोल घेराला अरुंद दुमडच घालावयाची हा नियम केवळ आवडीचा नाही हे स्पष्ट होते. ५ मिलिमीटरची दुमड घेतली की अतिरिक्त लांबी ६.३ सेंटिमीटर, आणि ती चार-सव्वाचार मीटर टीपेत शेकडा दीडच्या आसपास. एवढी कसर कापड मुकाट्याने सोसते. अशा दुमडीसाठी शंखासारखी वळी असलेली दाबपट्टी मिळते. कड तिच्यातून जाताना स्वतःच दुहेरी गुंडाळली जाते. तिची अडचण आरंभाला येते, कारण पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरांत गुंडाळी हाताने करून द्यावी लागते. आणि जाड शिवण वळीत अडकते. रुमाल, ओढणी, झालर यांवर ती अप्रतिम चालते, शिवणी असलेल्या घेरावर तिच्याशी भांडावे लागते. गोल घेराबाबत आणखी एक पथ्य असे की तो कापून शिवल्यावर निदान एक दिवस टांगून ठेवावा. घेराच्या चार ठिकाणी कापड उरेब असते व स्वतःच्या वजनाने तेथे ते उतरते; आधीच दुमड घातली तर आठ दिवसांत घागरा चार कोपऱ्यांवर लोंबू लागतो. उतरल्यावर जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूने खुणा करून मगच कड कापावी.

गळा आणि मुंढा यांच्या कडेला उलट प्रसंग येतो. तेथे कड आतल्या बाजूला वळलेली असल्याने दुमडलेले कापड पुरत नाही. ते एक तर कातरून मोकळे करावे लागते किंवा तेथे उरेब पट्टीचा गोट लावावा लागतो. म्हणून गळ्याला सहसा दुमड घालीतच नाहीत.

सरळ धाग्यावर कापलेल्या घेराला ही सर्व बंधने नाहीत. चुणीदार परकर किंवा शाळेच्या गणवेशाचा चुण्यांचा घागरा यांची कड सरळ असते, आणि तेथे दुमड पाच, सात, दहा सेंटिमीटरांचीही ठेवता येते. पूर्वी परकर शिवताना आई शिंप्याला दुमड मोठी ठेवावयास सांगे. त्यावर आडवे टकही घालून घेई. मुलगी वाढली की एक टक उसवावयाचा, मग दुसरा, आणि शेवटी दुमड सोडावयाची. सहा ते दहा वर्षांच्या वयात मुलांची उंची वर्षाला साधारणतः ५ ते ६ सेंटिमीटरांनी वाढते, आणि त्या वाढीचा निम्म्याहून कमी भाग कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या अंतरात येतो. ५ सेंटिमीटरच्या दुमडीतून नव्या दुमडीपुरते दीड सेंटिमीटर वजा केले तरी साडेतीन सेंटिमीटर उरतात, म्हणजे घागरा एका वर्षाहून अधिक काळ पुरतो. आजच्या तयार गणवेशात कड ओव्हरलॉकने बांधून दोन सेंटिमीटरच एकदा वळविलेली पुष्कळदा आढळते. शिलाईच्या दृष्टीने त्यात दोष नाही. पहिली घडी वाचते, जाडी कमी होते, काम लवकर उरकते. कापडही वाचते. अडीच मीटर घेराच्या घागऱ्यात तीन सेंटिमीटर कमी वळविले तर ७५० चौरस सेंटिमीटर, आणि हजार घागऱ्यांमागे ७५ चौरस मीटर, म्हणजे दीड मीटर पन्ह्याचे ५० मीटर कापड वाचते. मात्र त्या हजार घागऱ्यांतील प्रत्येकीचे दुसरे वर्ष त्या ५० मीटरांत गेलेले असते, आणि त्याचा भुर्दंड दर जूनमध्ये ज्यांना सोसावा लागतो त्यांचा या हिशेबात कोठेच उल्लेख नसतो. गणवेशाची विनिर्देशने ठरविणाऱ्या शाळांनी कापडाचा रंग व प्रत यांबरोबर दुमडीची रुंदीही लिहून द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्याला खर्च थोडा आहे.

सोडता येण्याजोग्या दुमडीला टीप कोणती घालावी हाही विचार यातूनच निघतो. ३०१ क्रमांकाचा टाका उसवावयाचा तर टाके एकेक करून कापावे लागतात. सुईची छिद्रे सुती कापडात धुण्या-इस्त्रीने बहुतांशी बुजतात, पण घट्ट विणीच्या पॉलिएस्टरमध्ये राहून जातात. एकदोरी साखळी टाका योग्य टोकाकडून ओढला की सगळा सुटून येतो. नको तेव्हाही येतो, हा त्याचा अवगुण. हातशिलाई कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलते, म्हणून ती उसवल्यावर खूण अत्यल्प राहते. यंत्राने तिचे अनुकरण करणारा अदृश्य टाका आहे: कारखान्यात वाकड्या सुईने, घरगुती वळणटाक्याच्या यंत्रावर चार-पाच सरळ टाक्यांनंतर एक तिरपा टाका मूळ कापडाच्या घडीला चाटून जातो. त्याची सर्व मदार घडी किती अचूक बसविली यावर असते. टीप कोणतीही असो, घडीची रेघ मात्र लपत नाही. तेथे कापड घासून विटलेले असते आणि आतली पट्टी उन्हापासून झाकलेली राहिल्याने तिचा रंग मूळचा गडद असतो. निळ्या घागऱ्यावर हा पट्टा फार उठून दिसतो. त्यावर फीत किंवा लेस लावण्याची जुनी युक्ती गणवेशात चालत नाही, आणि मुलींना त्या पट्ट्याची लाज वाटते हेही खरे.

शेवटी साडीच्या फॉलचा उल्लेख करावयास हवा, कारण तो दुमडीचाच एक चमत्कारिक भाऊ आहे. साडीला कापलेली खालची कड नाही, विणलेला काठ आहे; तरीही जमिनीशी घासणाऱ्या काठाला आतून वेगळ्या कापडाची पट्टी जोडतात. येथे पट्टी आणि मूळ कापड एक नसल्याने धुण्यात ती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अडीच मीटरचा फॉल शेकडा चारने आटला तर काठावर दहा सेंटिमीटर साडीच्या चुण्या उभ्या राहतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. म्हणून फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावतात. वरची कड हातशिलाईनेच बसवितात. आणि खालच्या कडेला यंत्राची टीप घालावयाची झाल्यास साडी खाली दात्यांवर व फॉल वर ठेवणे बरे. वरचा थर मागे पडतो हे आपण पाहिलेच आहे. येथे फॉल मागे पडला तर काठात साडीचे किंचित अधिक कापड येते व पदन्यासाला काठ मोकळा राहतो, उलट साडी मागे पडली तर फॉलच आतून फुगून काठाला बाहेर ढकलतो.